आईच्या हातातला थंड डबा

सर्व लहानथोरांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, माझी सासरची पाठवणी एका पत्र्याच्या डब्याने रोखून धरली होती.

डबा फोटोग्राफरचा. लग्न ऐन वैशाखातलं आणि आमच्या अकोल्याकडच्या मालेगावचं ऊन असं, की कपाळावरचं कुंकू नाकावर उतरावं. उन्हाने फिल्म नासू नये म्हणून त्याने ती घट्ट झाकणाच्या डब्यात घातली आणि बर्फाच्या पेटीत ठेवून अकोल्याहून मोटारीने आणली. फोटोची हौस माझ्या सासऱ्यांची. कारंज्याहून निघतानाच ते नवा फेटा बांधून निघाले होते. फोटो झाला की बैलांची दमणी जुंपायची आणि नवरी न्यायची, असं त्यांनी भर मांडवात जाहीर केलं.

"एवढ्यात नाही," फोटोग्राफर म्हणाला. "गार फिल्म उघडली की तिच्यावर दव धरतं. मग फोटोत नवरदेव कोणता आणि मांडवाचा खांब कोणता, मलाही सांगता यायचं नाही. डबा हाताला गार लागेनासा झाला की मला उठवा."

डबा त्याने आईच्या हाती दिला आणि पुरणपोळीच्या अंमलाखाली तिथेच आडवा झाला.

आई मला खेटून बसली. सकाळपासून रडवेली असलेली ही बाई आता भलतीच खुलली. डबा मांडीवर ठेवून तिने माझी घातलेली वेणी सोडून पुन्हा घातली, आंब्याची फोड भरवली आणि वऱ्हाडातल्या एकेकीची अशी नक्कल केली की मी शालूचा पदर तोंडात कोंबला.

"ईनबाई, झाला का गरम?" सासऱ्यांनी बाहेरून विचारलं.

"थंडच हाय जी."

बैल जुंपले गेले. "आता?"

"लय थंड हाय जी! बोटं बधिर होऊन राह्यले."

मी हळूच डब्याला हात लावला. तव्यावरून नुकती उतरवलेली भाकरी जशी! मी आईकडे पाहिलं. आई मांडवाची पानं मोजत होती.

शेवटी सासरे स्वतःच आत आले. "काहून गरम होऊन नाही राह्यला? पाहू द्या मले."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. एका हाताने तिने डबा पुढे केला, दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. सासऱ्यांनी डबा तळहातावर तोलला, मग त्या मनगटाकडे पाहिलं. मागच्याच उन्हाळ्यात त्यांनी आपली लेक सासरी धाडली होती. मिशी जराशी हलली. संपलं, मला वाटलं.

ते दमणीकडे वळले आणि सगळा मांडव दचकेल अशा आवाजात ओरडले, "अरे, बैल सोडा! हा तं बर्फावानी थंड हाय, उद्यापावतर काही गरम होत नाही!"