जुन्या गाड्या पाहणारे रूपराव

कारंजा (घाडगे) येथे नागपूर–अमरावती रस्त्याच्या कडेला रूपराव खवशी यांचे मोटारदुरुस्तीचे दुकान होते. दुकान लहान होते. परंतु दुकानापेक्षा रूपरावांचे नाव मोठे होते, आणि ते दुरुस्तीपेक्षा पारखीसाठी अधिक होते. आर्वीपासून सेलूपर्यंत कोणालाही जुनी गाडी घ्यावयाची झाली, की आधी रूपराव मिस्त्रींना नेऊन ती दाखवावी, असा एक अलिखित नियमच होऊन बसला होता. पंचवीस वर्षांत किती गाड्या पाहिल्या, हे त्यांनाही सांगता आले नसते.

त्यांच्या पाहण्याला एक क्रम होता व तो त्यांनी कधी मोडला नाही. धन्याने इंजिन सुरू करण्यापूर्वी, सकाळीच पोहोचावयाचे. बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरोखर थंड आहे की आदल्या घटकेला तापवून ठेवले आहे, हे पाहावयाचे. त्यानंतर रेडिएटरचे झाकण, पत्र्यावरून फिरवावयाचे लोहचुंबक (जेथे ते चिकटत नाही तेथे रंगाखाली पुट्टी भरलेली असते), रॉकेलच्या बोळ्याने पुसून चेसिसचा नंबर, तो आर.सी. बुकाशी ताडून पाहणे, गिअर टाकून पाहणे, ऑईलची पट्टी, आणि सर्वांत शेवटी इंजिनाचा आवाज. पाहणी होईपर्यंत विकणाऱ्याच्या घरचा चहा घ्यावयाचा नाही. चहा घेतलेल्या माणसाने दोष काढणे त्या भागात वाईट दिसे, हे ते जाणून होते.

आवाज ऐकण्यासाठी हातभर लांबीचा एक पेचकस ते बाळगीत. त्याचे टोक चालत्या इंजिनावर टेकवावयाचे, लाकडी मूठ कानाला लावावयाची आणि डोळे मिटावयाचे. या वेळी भोवतालची माणसे आपोआप गप्प होत.

इसवी सन १९८२ च्या मार्च महिन्यात रूपराव अठ्ठावन्न वर्षांचे होते, आणि दोन वर्षांपासून त्या मुठीतून त्यांना फारसे काही ऐकू येत नव्हते.

हे एक त्यांना ठाऊक होते आणि एक त्यांच्या पत्नीला, वच्छलाबाईंना. गिऱ्हाईक समोर बसले की ते त्याच्या ओठांकडे पाहत. गाडी पाहताना पेचकस कानाला लावीत, डोळे मिटीत, आणि पूर्वीच्या सवयीने जितका वेळ लागे तितका वेळ थांबून मान हलवीत. निर्णय ते इतर खुणांवरून देत असत व तो बहुधा बरोबर येई. मात्र आदल्या वर्षी तळेगावच्या एका शिक्षकाला त्यांनी घ्यावयास सांगितलेल्या अँबॅसडरचे इंजिन चारच महिन्यांत फुटले. शिक्षक भला माणूस. त्याने नशिबाला दोष दिला, रूपरावांना नव्हे. तेव्हापासून बोलावणे आले की रूपरावांना अंगात ताप भरल्यासारखे वाटे. नाही म्हणावे, तर कारण सांगावे लागणार. ते सांगण्याचे बळ त्यांच्यात नव्हते आणि खोटे कारण शोधण्याचा उत्साहही उरला नव्हता. म्हणून ते जात राहिले.

अशा वेळी हिंगणीहून पुनाजी कुमरे आला. पुनाजी गोंड समाजातला, पन्नाशीचा. जन्म जंगलखात्याच्या राखणीत गेलेला. त्याने व त्याच्या दोन भावांनी बैल आणि बैलगाडी विकून, हिंगणी ते सेलू माणसे व भाजीपाला नेण्यासाठी जीप घेण्याचे ठरविले होते. तळेगावचे ठेकेदार प्रभाकरराव यांची पेट्रोलवरची जीप विकावयाची होती.

"एकच गाडी घेनं होनार हाय आमच्यानं," पुनाजी म्हणाला. "बैल तर गेले. हे फसली त मंग पाई चालाचं."

रूपरावांनी त्याच्या ओठांकडे पाहिले व उद्या सकाळच्या गाडीने निघू, असे सांगितले.

तळेगावास प्रभाकररावांच्या वाडीत लिंबाखाली जीप उभी होती. हिरवा रंग ताजा होता. प्रभाकरराव धोतराचा सोगा सावरीत बाहेर आले.

"या मिस्त्री. चहा ठेवाले सांगतो."

"पहिले गाडी, मालक."

"तुमची सवय माहीत हाय मले. पोरगी पाहाले आलेला मानूसई पोहे खाते, बाप्पा."

त्यांचा ड्रायव्हर हरिदास हसला. रूपरावांना अर्धेच कळले, तेही हसले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. इंजिन थंड होते. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. चुंबक सगळीकडे चिकटले. नंबर बुकाशी जुळला. गिअर नीट पडले. यानंतर त्यांनी ऑईलची पट्टी काढली, चिमटीत तेल घेतले आणि बोटे दोनदा एकमेकांवर घासली. तेल अगदी नवे होते, आणि हवे त्याहून पुष्कळ घट्ट होते.

उद्या जी गाडी दुसऱ्याच्या दारात जावयाची, तिला आज कोणी नवे तेल पाजीत नाही. घट्ट तेल पाजावयाचे ते आतला आवाज दाबण्यासाठी. अर्थात प्रभाकरराव शौकीन गृहस्थ होते. केवळ हौसेनेही ते बदलले असेल. नक्की सांगावयाचे तर आवाजच ऐकावयास हवा होता.

हरिदासने इंजिन सुरू केले. रूपरावांनी पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. दूरवर कोठे पीठगिरणी चालू असावी तशी एक घरघर, आणि तिच्या मागे काहीही नाही. ते नेहमीइतका वेळ थांबले. मान हलविण्याची वेळ आली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा पुनाजी समोर उकिडवा बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. त्या पाहण्यात पूर्ण भरवसा होता.

रूपरावांना एकाएकी फार थकवा आला. त्यांनी पेचकस त्याच्यापुढे धरला.

"तू ऐक," ते म्हणाले.

"मी? मले का समजते, मिस्त्री?"

"समजाचं मी पायतो. तू ऐकजो अन् सांगजो."

"काऊन, तुमचे कान गेले काय?" प्रभाकररावांनी थट्टेने विचारले. विचारताना ते समोरच उभे होते, त्यामुळे शब्दन्‌शब्द रूपरावांना दिसला.

"गेले," रूपराव म्हणाले. "दोन वर्सं झाले."

हरिदास मान वळवून लिंबाकडे पाहू लागला. प्रभाकरराव थोडे हसले, मग त्यांनी हसू आवरले. "म्हंजे बहिरा मिस्त्री आनला म्हना की गाडी पाहाले," ते पुनाजीला म्हणाले.

पुनाजीने पेचकस हातात घेतला. तीस वर्षे रानात काढलेला माणूस तो. पेचकस कसा धरावा हे त्याने पाहून ठेवले होते. रूपरावांनी टोक आधी वरच्या बाजूला टेकवून दिले.

"पाल चुकचुकते तसं," पुनाजी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला.

"ते चालते. आता खाली ऐक."

पुनाजी बराच वेळ ऐकत राहिला. "काही नाई. नुसती घुमघुम."

रूपरावांनी हरिदासला ॲक्सिलरेटर दाबून एकदम सोडावयास सांगितले. हरिदासने मालकाकडे पाहिले, आणि मग सांगितल्याप्रमाणे केले. पुनाजीच्या कपाळाला आठी पडली.

"अजून एकडाव."

पुन्हा तसेच झाले.

"सुतार पाखरू," पुनाजी म्हणाला. "दूर, मोहाच्या झाडावर चोच मारून राह्यलं तसं. सोडलं का मारते. मंग थांबते."

"भरीव खोडावर का पोकळ?"

पुनाजीने पुन्हा कान लावला. "पोकळ."

"आता मी एकेका प्लगची वायर काढतो, म्हंजे त्या सिलिंडरचा जोर थांबन. पाखरू थांबलं का बोट वर कर."

रूपरावांनी फडक्यात धरून पहिल्या प्लगची वायर काढली व परत बसविली. मग दुसऱ्याची. पुनाजी हलला नाही. तिसऱ्याची वायर काढताच त्याचे बोट वर गेले. रूपरावांनी ती बसविली. बोट खाली आले. काढली, वर गेले. असे त्यांनी चार वेळा केले. चार वेळांची काही आवश्यकता नव्हती.

"बंद कर, हरिदास," ते म्हणाले. "मालक, तिसऱ्या नंबरचं बेरिंग गेलं. वजन टाकलं का महिन्या-दोन महिन्यांत दांडा तुटून बाहेर येईन."

"बहिऱ्याच्या सांगन्यावर?"

"माह्या नाई. याच्या."

प्रभाकरराव हरिदासकडे वळले. हरिदास कापडाने स्टेअरिंग पुसत होता. त्याने मान वर केली नाही, आणि ते पुरेसे होते. व्यवहार झाला नाही. चहाही झाला नाही.

फाट्यावर गाडीची वाट पाहत दोघे चिंचेच्या सावलीत बसले. पुनाजी म्हणाला, "मले कालच समजलं होतं. तुमच्या अंगनात पाठीमागून हाक मारली, तुमी वळले नाई."

"मंग आला काऊन संगं?"

"मले ऐकू येते, पन काय ऐकाचं थे मालूम नाई."

बातमी कारंजाला त्यांच्याआधी पोहोचली असावी. महिनाभरात ठरलेली चार बोलावणी आली नाहीत. पाचवे गिऱ्हाईक आले ते पंक्चर काढावयास, आणि मोठमोठ्याने ओरडून बोलले. रूपरावांना वाईट वाटेल अशी वच्छलाबाईंची समजूत होती. त्यांना फारसे काही वाटले नाही. ते सकाळी उशिरापर्यंत झोपू लागले, एवढेच.

वैशाखात पुनाजी पुन्हा दारात उभा राहिला. पुलगावास एक जीप होती.

"दुसरा कोनी पाह," रूपराव म्हणाले. "मी थकलो, पुनाजी. खरंच थकलो."

"तुमी नका येऊ. मी जातो. काय काय पाह्याचं थे सांगा सारं."

रूपरावांनी त्याच्याकडे पाहिले, बाजेवर थोडे सरकून जागा केली आणि सांगण्यास आरंभ केला. सांगणे क्रमाने चालले होते. वाक्य संपले की पुनाजी ते जसेच्या तसे म्हणून दाखवी. त्याला लिहिता येत नव्हते. ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आले. एका वाक्याच्या मध्यावर रूपरावांचा डोळा लागला. वच्छलाबाई पाणी घेऊन आल्या, तेव्हा पुनाजीने हातानेच त्यांना थांबविले व भिंतीला टेकून बसून राहिला.

तासाभराने रूपराव जागे झाले. त्यांनी डोळे चोळले.

"कुठवर आलतो?"

"गिअरपर्यंत," पुनाजी त्यांच्यासमोर येऊन म्हणाला.