आधी माझी काच

“आधी माझी काच,” असं म्हणत डॉक्टरबाई डबी घेऊन व्हरांड्याच्या टोकाला जायच्या आणि खाकरायला लागायच्या. सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या आमच्या क्षयाच्या दवाखान्याचा दिवस असा उजाडायचा. मी तिथे थुंकी पसरलेल्या काचांना तपासणीसाठी रंग द्यायचो. “बाईंची भूपाळी सुरू झाली,” असं आम्ही हळूच म्हणायचो. निरोगी माणसाला घशातून बेडका काढायला काय कष्ट पडतात, ते करून बघा एकदा!

रोग्यांच्या थुंकीबरोबर बाई रोज स्वतःचीही तपासायला लावत. क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकात लाल काड्यांसारखे दिसतात. “माझ्या काचेत काड्या दिसल्या तर दोष आपल्या रंगाचा नाहीतर पाण्याचा. त्या दिवशी कुणालाही रोगी ठरवायचं नाही.”

पुढे एका वर्षी भूपाळी झटपट उरकायला लागली. सवय झाली असेल, असं आम्हाला वाटलं. बाई वाळल्याही होत्या, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात कोण वाळत नाही?

त्याच उन्हाळ्यात यंत्रमागावर काम करणारी एक आई मुलीला घेऊन आली. मुलीचं लग्न ठरलेलं आणि खोकला काही हटत नव्हता.

“खरं काय ते सांगा की, बाई. क्षय निघाला तर सोयरीक मोडंल हो.”

मुलीच्या काचेत लाल काड्या दिसल्या. माझं तोंड उतरलं.

“माझी बघितलीस?” बाईंनी विचारलं.

त्यांच्याही काचेत होत्या. त्या दिवशीच्या सगळ्याच काचांत होत्या. बाई चक्क हसल्या. “टाकीचं पाणी बिघडलंय, त्यात असेच दिसणारे जंतू झालेत. सगळं पुन्हा करू.”

बाटलीतलं शुद्ध पाणी आणलं, ताजा रंग केला, नव्या काचा घेतल्या. मुलीची काच स्वच्छ निघाली. बाईंची लालच राहिली.

“बाई, अजून पाण्यातच काहीतरी...” मी म्हणालो.

“पाणी चांगलं आहे. त्या पोरीची काच बघ की.”

मग तोंडाला पदर लावून त्या दारापर्यंत गेल्या आणि लांबूनच म्हणाल्या, “तुमच्या पोरीला क्षय नाही. खोकल्याचं औषध देते. लग्न जोरात करा.” ती माउली पाया पडायला धावली, तशा बाई मागे सरकल्या.

त्या सॅनेटोरियममध्ये गेल्या. बऱ्या झाल्या, पण आमच्याकडे परत आल्या नाहीत. मला त्यांची फार आठवण येते.

त्या गेल्यावर दुसऱ्या सकाळी डबी घेऊन मी व्हरांड्याच्या टोकाला गेलो. कसाबसा खाकरलो. माझी काच पहिली ठेवली आणि भिंगाला डोळा लावायचा धीरच होईना. बाई हे रोज करत होत्या.