मुका कप्तान बोलायचा का थांबला

आमच्या मोरवा गावात कोणाकडे पूजा असली की जागरणासाठी भाड्याने टीव्ही आणि व्हिडिओ आणायचे. दोन हिंदी पिक्चर आणि एखादा इंग्रजी, दुकानदार देईल तो. असाच एकदा आकाशयानांचा पिक्चर आला. त्यातला यानाचा कप्तान अख्ख्या पिक्चरमध्ये एक शब्द बोलत नाही. बाकीचे इंग्रजीत कडकड बोलायचे, त्यातलं आम्हाला काही कळत नव्हतं. हा बोलतच नव्हता, म्हणून हा एकटाच पुरता कळला. पुढचे भागही मी हट्टाने मागवून पाहिले.

पुष्कळ वर्षांनी त्याच कप्तानाच्या तरुणपणाचा पिक्चर निघाला, हिंदीतून. मुलगा तेव्हा कॉलेजात होता. त्याला घेऊन मी थेटरात गेलो. आणि पडद्यावर बघतो तर काय, माझ्या कप्तानाचं तोंड बंदच होईना. पोरींना शेर काय ऐकवतो, रबरी बेडकासारख्या एका जनावराशी मस्करी काय करतो. इंटरव्हलला मी उठलो.

मुलगा म्हणाला, "बाबा, थांबा ना. तो मुका का होतो ते पुढे दाखवतील."

"मला न्हाय बघायचं. तू बघ."

मी बाहेर वडापावच्या गाडीपाशी उभा राहिलो. तो पूर्ण बघून आला. पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकदा उठलो तो उठलो.

नात झाली, तिला गोष्टी लागायला लागल्या, तेव्हा मी तिला हाच कप्तान सांगितला. तो का बोलत नाही हे तिला रोज ऐकायचं असायचं. मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही असं मी कोणाला सांगत नाही. आमचं मिठागर बंद पडलं तेव्हा माझे वडील कितीतरी दिवस कोणाशी बोलले नव्हते. नुसते बांधावर जाऊन बसायचे. तेच मी कप्तानाला लावलं. त्याच्या ग्रहावर मिठागरं होती, ती दुश्मनांनी बुजवली, आणि पुन्हा मीठ पिकेपर्यंत बोलणार नाही म्हणून त्याने तोंड मिटलं. नातीला हे इतकं पटलं की तिने वर्गात सगळ्यांना सांगितलं.

आता ती आठ वर्षांची आहे. मागच्या रविवारी जेसल पार्कला मुलाच्या घरी गेलो, तर टीव्हीवर तोच पिक्चर काढून ठेवलेला.

"आजोबा, कप्तान तरुण असतानाचा पिक्चर! पप्पा बोलला, तुम्ही आल्याशिवाय लावायचा नाय."

अर्धा पिक्चर मी पाहिलेलाच नव्हता. खरं कारण त्या अर्ध्यातच असणार. म्हणजे आज आजोबा खोटा पडणार, आणि तोही नातीसमोर.

"फालतू पिक्चर हाय तो. चल, खाली बागेत जाऊ."

"तुम्ही जा," ती म्हणाली. माझ्यावरच गेली आहे. मी बसलो.

सुरुवातीलाच कप्तानाचा ग्रह. जिकडे तिकडे काचेच्या इमारती.

"आजोबा, मिठागरं कुठायत?"

"मागच्या बाजूला. इथून न्हाय दिसत."

मुलाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो शेंगा सोलत राहिला.

मग कप्तानाची बडबड सुरू झाली. मला वाटलं, पोर हिरमुसणार. ती खदखदून हसत होती. बेडूक पाण्याच्या टाकीत पडला तेव्हा तर सोफ्यावरून खालीच आली. मी हसलो नाही. थोडा हसलो असेन. मी उठलो होतो ती जागा मागे पडली, आणि तिथून पुढे प्रत्येक लढाईत मला वाटायचं, आता याची वाचा जाणार. शेवटची लढाई झाली, कप्तान यानात चढला, चढताना पण बडबडतोय, यान उडालं आणि नावं यायला लागली.

"हे काय? का बोलत नाय ते सांगितलंच नाय!"

"नाहीच सांगत," मुलगा म्हणाला. "पुढच्या भागात सांगणार होते, तो बनलाच नाही. मी जाम भडकलेलो तेव्हा. पण बाबांसमोर बोललो असतो तर म्हणाले असते, बघ, मी सांगितलं होतं."

"म्हणालोच असतो," मी म्हटलं, आणि सोफ्यावर पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

नात बापाकडे वळली. "म्हणजे पप्पा, तुला माहीतच नाय? अरे, मिठासाठी तो गप्प झाला! आणि आधी किती बोलायचा बघ. त्याला किती कठीण गेलं असेल!"

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

"कसलं मीठ?" मुलाने विचारलं.

"आजोबांना विचार."

त्याने टीव्ही बंद केला आणि माझ्यासमोर येऊन बसला. "सांगा बाबा."

"आधी चहा ठेव," मी म्हटलं.