चुन्याची फुली आणि साहेबांची फटफटी

चहा घ्या, पण घोट तोंडात असताना ऐकू नका. मागे एकदा आमचे व्याही ऐकता ऐकता फसकन हसले आणि माझा धुतलेला सदरा गेला. तुम्हाला हसू येतं हो! त्या दिवशी माझ्यावर काय गुदरली ते माझं मलाच माहीत.

काळ विलीनीकरणाचा. ग्वाल्हेरचं संस्थान गेलं, मध्य भारत आलं. राजधानी थंडीत इथं आणि उन्हाळ्यात इंदूरला. खाती एकमेकांत मिसळत होती, खुर्च्या बैलगाड्यांतून हिंडत होत्या. रोज ऑफिसला जाताना वाटायचं, आपलं टेबल आज ग्वाल्हेरला आहे की रवाना झालं? आणि त्यात तो शब्द, छटनी, म्हणजे माणसं कमी करणं! दरबाराबरोबर वडिलांची दरबारातली नोकरीही संपलेली. बायकोला दिवस गेलेले. घर माझ्या एकट्याच्या कारकुनीवर.

मी होतो सरकारी मोटारखान्यात, फूलबागेच्या अंगाला. एके दिवशी हेडक्लार्क शर्माजींनी आम्हा सगळ्यांना बोलावलं.

"इंदौर से साहब आ रहे हैं. पहले फटफटियाँ छाँटेंगे, फिर आदमी."

शेडमध्ये संस्थानच्या लांब पल्ल्याच्या विलायती फटफट्या रांगेनं उभ्या होत्या. सगळ्या एकाच मॉडेलच्या, पण तीन वेगवेगळ्या पिढ्यांच्या. हुकूम असा, की सगळ्यांत जुन्या भंगारात, मधल्या ग्वाल्हेरला आणि नव्या इंदूरला.

"किसी को पहचान है?" शर्माजींनी विचारलं.

आणि माझा हात वर गेला! का गेला? अहो, ज्याला काही येतं त्याला काढत नाहीत, एवढाच विचार. बाकी फटफटीशी माझा संबंध म्हणाल तर एकदा नानामामांच्या मागे बसलो होतो, तेही डोळे मिटून.

हे नानामामा म्हणजे आईचे भाऊ. संस्थानच्या फौजेत फटफटीवरून डाक पोचवायचे. संध्याकाळी गोरखीतल्या त्यांच्या घरी गेलो आणि जवळजवळ पायच धरले.

"मामा, वाचवा. या फटफट्या ओळखायच्या कशा?"

"सोप्पं आहे रे, त्यात काय परेशानी?" मामा म्हणाले. "टाकीजवळ हातानं टाकायचा गियर दिसला, म्हणजे दांडा आणि वर काळी मूठ, की ती सगळ्यांत जुनी. गियर पायाशी, पण पुढच्या चाकावर मोठी स्प्रिंग उघडी दिसते, ती मधली. आणि पुढं स्प्रिंग नाहीच, नुसते दोन गुळगुळीत चकचकीत नळे, ती नवी. समजलं?"

"समजलं."

"मग म्हण."

म्हटलं. चुकलं. परत म्हटलं. बायको पोळी वाढत होती तेव्हाही मी "हात, स्प्रिंग, नळे" पुटपुटत होतो. तिला वाटलं, छटनीच्या धास्तीनं याचं डोकं फिरलं.

साहेब येणार त्या सकाळी मी स्टेशनवर टांगा पाठवला. टांगा रिकामा परत! पण थोड्या वेळानं साहेब पायी पायी, आंघोळ केलेले, पावडर लावलेले, ऑफिसात हजर. आडनाव दिघे. इंदूरचे मराठी. मिशी अशी, की बघितल्यावर आपलं काहीतरी चुकलंय असंच वाटावं.

"प्रवास कसा झाला, साहेब?" मी विचारलं.

"हाडं खिळखिळी झाली हो. शिवपुरीच्या अलीकडे तापली आणि बसली. हलेचना."

"हो साहेब, ती नेहमीच थांबते तिथं." मी आपलं आगगाडीबद्दल बोलतोय!

साहेबांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "मग दोघा गावकऱ्यांना बोलावलं, ढकलली, तेव्हा कुठं सुरू झाली."

आता सांगा, दोन माणसांनी आगगाडी ढकलली म्हणे! पण मनात म्हटलं, इंदूरचे लोक, थोडं वाढवून बोलायचेच. आणि ज्याच्या हातात आपली भाकरी आहे त्याला कोण खोटं म्हणणार? मी म्हटलं, "वा साहेब!"

"बरं, तुम्ही त्या जुन्या गाड्यांवर खुणा करा," साहेब म्हणाले. "भंगार घेणारा बाहेर थांबलाय ना? लगेच देऊन टाका. मी तोवर चहा घेतो."

चुन्याचा डबा आणि कुंचा घेऊन मी शेडमध्ये शिरलो. घाईत पहिली फुली जमिनीवरच पडली. पण हळूहळू जमायला लागलं. हाताचा गियर, फुली! स्प्रिंग, राहू दे! नळे, राहू दे! छाती फुगली. नानामामा इथं असते तर पाठ थोपटली असती.

शेवटची फटफटी मात्र विचित्र. नखशिखांत धूळ. पुढचा भाग तरटात गुंडाळून सुतळीनं बांधलेला. खाली वाकून पाहिलं, काही दिसेना. तरट सोडावं तर बाहेर दालबाजारचे शेठजी ओरडताहेत, "बाबूजी, ठेला धूप में खड़ा है!" माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत. आणि तेवढ्यात दिसलं! टाकीला बांधलेल्या खाकी पिशवीतून वर आलेला दांडा, दांड्यावर काळीभोर मूठ!

हाताचा गियर! सगळ्यांत जुनी! मी अशी ठसठशीत फुली मारली की चुना सीटवरून ओघळला.

शेठजींनी विचारलं, "बाबूजी, यह भी?"

"बिलकुल कबाड़," मी म्हटलं. "सबसे पहले यही ले जाओ."

साहेब शेडमध्ये आले. राहिलेल्या गाड्या बारकाईनं पाहिल्या. "अचूक!" म्हणाले. "असा माणूस आपल्याला हवा." शर्माजींनी मला डोळ्यानंच शाबासकी दिली. नोकरी वाचली! मी मनातल्या मनात बायकोला फूलबागेत फिरवूनसुद्धा आणलं.

मग साहेब शेडच्या कोपऱ्यात गेले. परत आले. परत कोपऱ्यात गेले.

"माझी गाडी कुठाय?"

"आपली... गाडी?"

"अहो, जिच्यावरून इंदूरहून आलो ती! पहाटे सावलीला इथं लावून डाक बंगल्यावर आंघोळीला गेलो होतो."

शर्माजी माझ्याकडे पाहायला लागले. मी चुन्याच्या डब्याकडे. तापली, बसली, ढकलली, सगळं एकदम कानांत वाजायला लागलं. ज्या टांग्यातून साहेबांना आणायचं होतं, त्याच टांग्यातून आम्ही तिघं दालबाजारकडे निघालो. मी वाटेतल्या प्रत्येक देवळाला हात जोडत होतो. एकदा घाईत सायकलवाल्यालाही जोडले.

शेठजींच्या दुकानासमोर पाहतो तर काय? साहेबांची फटफटी विटांवर चढवलेली. मागचं चाक काढलेलं. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढ्यात नुकता फोडलेला नारळ.

"यह क्या है?" साहेब किंचाळले.

"दाल की चक्की इसी के इंजन से चलेगी," शेठजी हात जोडून म्हणाले. "प्रसाद लीजिए."

"ही माझी गाडी आहे!"

"पूजा हो गई साहब, अब तो घर की लक्ष्मी है. और बाबूजी ने खुद कहा था, बिलकुल कबाड़."

सगळा बाजार गोळा झाला. साहेब हळूच माझ्याकडे वळले. "जुनी कशावरून ठरवलीत?"

मी बोट दाखवलं. "साहेब... हाताचा गियर."

साहेबांनी ती काळी मूठ धरली, दांडा पिशवीतून सर्रकन ओढला आणि माझ्या तोंडासमोर फाडकन उघडला.

छत्री!

"सासऱ्यांनी दिलीय," साहेब म्हणाले. "हिनं गियर बदलत नाही."

मग त्यांनी पुढची सुतळी तोडली, तरट खाली पडलं. आत दोन गुळगुळीत, चकचकीत नळे! धुळीनं खराब होऊ नयेत म्हणून बिचाऱ्यांनी जपून गुंडाळले होते.

"आता सांगा, कोणती?"

"नवी," मी म्हटलं. "एकदम नवी, साहेब."

शेठजी भले माणूस. शर्माजींनी फार विनवण्या केल्या तेव्हा चक्कीला नेलेल्यांतलीच एक खरोखरीची जुनी फटफटी लावायला तयार झाले. तिलाही हार हवा म्हणून झेंडू काढून घेतला. चाक बसेपर्यंत मी साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून उन्हात उभा. हात भरून आला, पण खाली घ्यायची हिंमत कुणाची?

जाताना साहेब म्हणाले, "तुम्हाला काढत नाही. घरी माणसं आहेत, शर्माजींनी सांगितलं. पण ज्याला चाकं आहेत अशा कुठल्याही वस्तूजवळ तुम्ही दिसता कामा नये."

आणि माझी बदली झाली गुरांच्या खात्यात. ग्वाल्हेरातच, देवाची कृपा! पहिल्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांनी मला गोठ्यात नेलं, एका धिप्पाड म्हशीसमोर उभं केलं आणि विचारलं, "सांगा पाहू, ही कितव्या वेताची?"

मी चार पावलं मागं सरकलो आणि हात जोडले.

"डॉक्टरसाहेब, ते मागाहून बघू. आधी एवढंच सांगा, ही सरकारीच आहे ना? तुम्ही हिच्यावर बसून तर नाही ना आलात?"