लॅपटॉपला लागलेलं कुंकू

हसणार नसाल तर सांगते. नाहीतर राहू दे, घरात आधीच पोट धरधरून हसून झालंय माझ्यावर. पण त्या दोन दिवसांत मी रडले किती, ते एक माझ्या ओढणीला ठाऊक!

तर झालं असं. माझी नणंद दीपाली, शिकलेली, हुशार पोरगी. घरी बसून करायच्या एका नोकरीसाठी तिची परीक्षा होती सोमवारी सकाळी. आणि ती लॅपटॉपवरच द्यायची, मोबाईलवर चालायची नाही म्हणे. आता आमच्या घरात लॅपटॉप कुठला? आमचे हे साजगावला कारखान्यात आहेत. त्यांनी साहेबांकडे शब्द टाकला, आणि साहेबांनी आपला जुना लॅपटॉप चार दिवसांसाठी दिला. देताना म्हणाले, "बॅटरी फार टिकत नाही, चार्जिंगला लावूनच बसायचं. आणि जरा जपून हां."

जपून! हे मला सांगायला हवं? शाळा माझी सातवीत सुटली, पण जपण्याची परीक्षा असती ना, तर मी पहिली आले असते.

कारण माझी आरू तेव्हा नुकती रांगायला लागलेली. ज्यांच्या घरात रांगतं मूल आहे त्यांना काय सांगायचं? मला तर चोवीस तास धडधड. आणि आरूला नाद एकच, भोक दिसलं की बोट घालायचं! पलंगाच्या पायातलं बोल्टचं भोक, भिंतीतले खिळे काढलेली भोकं, दाराच्या फळीतली गाठ निघालेली पोकळी, सगळीकडे हिचं बोट. आत विंचू असला तर? गोम असली तर? विजेच्या बोर्डांना ह्यांनी चिकटपट्ट्या मारून दिल्या. पण बाकीच्या भोकांचं काय?

मग मीच उपाय काढला. आरूसाठी मी रोज नाचणीची भाकरी करते. उकड काढताना जरा जास्तीची काढायची आणि एकेक भोक लिंपून टाकायचं. वाळली की दगड! आणि समजा तिनं उकरून खाल्लीच, तर शेवटी नाचणीच ना? हाडं मजबूत! एकदा कपाटाच्या कुलपाचं भोकही लिंपलं गेलं आणि हे कालच्याच शर्टात कामावर गेले. पण ते सोडा.

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप आला. सासूबाईंनी आधी त्याला उंबऱ्यात थांबवलं, म्हणजे ह्यांना थांबवलं. हळदकुंकू, अक्षता, वरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आमच्याकडे नवी वस्तू अशीच घरात येते. मोटारसायकल आली तेव्हा तिलाही लावलं होतं, मिक्सरलाही लावलं होतं.

"आई, जरा कमी लावा," मी म्हटलं, "साहेबांचाय तो."

"मग साहेबांचं पण भलं होऊ दे की! कुंकवानं कुणाचं वाईट झालंय गं?"

त्या दिवशी लॅपटॉप छान चालला. दीपालीनं सराव केला आणि बंद करून टीव्हीखालच्या फळीवर ठेवला.

शनिवारी संध्याकाळी तिनं चार्जिंगला लावला. दिवा लागेना! पिन काढली, घातली. दिवा नाही. दुसऱ्या बोर्डात लावून बघितलं. नाही. शेजारच्या काकूंकडे जाऊन लावला. तिथंही नाही.

"वहिनी, ही पिन पूर्ण आत जातच नाहीये गं," दीपालीचा आवाज रडवेला झाला. "आणि बॅटरी संपत आलीय. परवा परीक्षा आहे माझी!"

ह्यांना कारखान्यात फोन लावला, दुसरी पाळी होती त्यांची. फोन स्पीकरवर टाकला, कारण एका हातात आरू, दुसऱ्या हातात पिन.

"अगं, पिन जरा जोर लावून आत घाल."

घातली.

"जरा फिरवून बघ."

फिरवली.

"आता बाहेर काढून फुंकर मार."

बाहेर काढली आणि बघते तर काय! पिनेच्या टोकाला काहीतरी चिकटलेलं. तांबूस, लालसर!

"अहो, कुंकू!" मी किंचाळले. "आत कुंकू गेलंय!"

तिकडून हे ओरडले, "आईला कुणी सांगितला होता नसता उद्योग? साहेबांना आता काय तोंड दाखवू? मी तर म्हणतो, तिला एकदा त्या कुंकवाच्या डब्यात बसवून..."

फोन स्पीकरवर होता हो! आणि सासूबाई माझ्या पाठीमागंच, हातात लसूण पाखडायचं सूप घेऊन उभ्या.

पुढचं मी तुम्हाला काय सांगू! सूप खाली, लसूण घरभर. सासूबाई तडक आतल्या खोलीत गेल्या आणि पिशवी भरायला घेतली.

"आई, कुठं निघालात?"

"खालापूरला. भावाकडं. माझ्या हातानं पोरीची नोकरी जाते, लेकाचा साहेब जातो. आता हितं राहून मी काय करू?"

"आई, तसं नाही ओ..."

"तसंच हाय! मिक्सरला लावलं, गाडीला लावलं, तुला पण लावलं, या घरात आलीस तवा. तू बिघडलीस का गं?"

दीपाली एका कोपऱ्यात रडतेय, आरू दुसऱ्या कोपऱ्यात लसूण गोळा करतेय, मी मधे उभी. ती नाकात घालेल म्हणून मी तिच्यामागं धावले, आणि माझं रडणंही अर्धंच राहिलं.

रविवारी सकाळी ठरलं, कर्जतला लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात न्यायचं. सासूबाई म्हणाल्या, "मी पण येते. तितं कुंकू निघालं, तर मी तितनंच परस्पर खालापूरची गाडी धरते." आणि पिशवी घेऊनच निघाल्या! रिक्षात एका बाजूला पिशवी धरून सासूबाई, एका बाजूला लॅपटॉप छातीशी धरून दीपाली, मधे आरूला घेऊन मी. दीपाली सारखी डोळे पुसत होती. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुणाची तब्येत बिब्येत बरी नाय का?" मी म्हटलं, "चार्जिंग होत नाही." त्यानं रिक्षा आणखी जोरात हाणली.

रस्ताभर मी मनात म्हणत होते, देवा, रविवार आहे, दुकान तेवढं उघडं असू दे. कर्जतच्या भिसेगावातल्या त्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. दीपाली वाकून आतच शिरली. "दादा, उद्या माझी परीक्षा आहे हो!"

दुकानदार बिचारा चहा पीत होता. चहा ठेवला, लॅपटॉप घेतला, भोकात टॉर्चचा उजेड टाकला.

"काय गेलंय आत?"

"कुंकू," मी म्हटलं.

"कुंकू म्हणं!" सासूबाई पिशवीवर हात आवळून म्हणाल्या.

त्यानं बारीक चिमटा आणि सुई घेतली. टोकर टोकर टोकरलं. मी डोळे मिटले. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. आणि टकदिशी एक तपकिरी गोळी टेबलावर पडली.

"वहिनी, हे काय कुंकू नाय. मातीसारखं दिसतंय. कुंभारमाशीनं घर केलं असंल. ती अशीच भोकं बघून लिंपते."

अहो, काय सांगू, मला इतका आनंद झाला! "बघा! बघा आई, कुंभारमाशी! परवापासून एक गुणगुणतच होती घरात! मी दीपालीला म्हटलंही होतं!"

"कधी म्हटलंस?" दीपाली म्हणाली.

सासूबाईंनी मात्र ती गोळी उचलली. नखानं मोडली. वास घेतला. आणि जिभेच्या टोकाला लावून बघितली. जिनं आयुष्यभर भाकऱ्या थापल्या, तिला काय फसवणार?

"नाचणी हाय."



सासूबाई माझ्याकडे वळल्या. "काय गं रेश्मा, कुंभारमाशी नाचणी कदीपासून मळाया लागली?"

आणि तेव्हा, देवाशप्पथ तेव्हाच, मला सगळं आठवलं आणि मी तिथंच भडाभडा सांगून टाकलं. शनिवारची दुपार. माझ्या हातात उकडीचा गोळा. आरू टीव्हीखालची फळी धरून उभी आणि तिचं बोट त्या लॅपटॉपच्या कडेच्या भोकाकडे! मला वाटलं, भिंतीतली वीज जिथून आत जाते, तिथं तोंडाशी थोडीफार उरत असणारच की! म्हणून अंगठ्यानं दाबून, वरून पाण्याचा हात फिरवून, अगदी सफाईनं...

"पाण्याचा हात?" दुकानदार उठून उभाच राहिला.

मी दिवसभरात इतकी भोकं लिंपते, कुठलं कुठलं ध्यानात ठेवू?

त्यानं पिन घातली. खट! पहिल्यांदाच तो आवाज आला. बारीकसा दिवा लागला आणि दीपाली लहान पोरीसारखी उडी मारून ओरडली. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालेलं. पण जमिनीतही भोक पडलं असतं, आणि ते कुणी लिंपायचं?

सासूबाई खालापूरला गेल्या नाहीत. पिशवी माझ्या हातात दिली, आरूला स्वतः घेतलं, आणि रिक्षात बसल्यावर ह्यांना फोन लावायला सांगितला. "स्पीकरवर टाक गं," म्हणाल्या. "हॅलो, ऐक रं. कुंकू नव्हतं. तुझ्या बायकोनं साहेबाच्या लॅपटॉपला भाकरी चारली. आता बोल, त्या डब्यात कुणाला बसवायचं?" रिक्षावाल्याला इतकं हसू आलं की त्यानं रिक्षा बाजूलाच घेतली.

सोमवारी परीक्षा झाली. दीपाली पास झाली, नोकरीही लागली. लॅपटॉप परत जाताना सासूबाईंनी त्याला पुन्हा कुंकू लावलं, जरा जास्तच. या वेळी कुंकवाचा डबा मीच धरून उभी होते.

पण रविवारी रात्रीची जेवणं राहिलीच सांगायची. मला गप्प बसवेना हो! मी आपली सासूबाईंना समजावायला बसले. "आई, माझं चुकलं, मी तुमच्यावर आळ घ्यायला नको होता. पण तुम्हीच सांगा, भोकाची भीती खोटी आहे का? आत गोम असती तर? शॉक बसला असता तर? आणि आरूचं बोट अडकलं असतं तर? मी आई आहे, माझं काळीज..."

सासूबाईंनी ताटातल्या नाचणीच्या भाकरीचा चांगला मोठा तुकडा मोडला, आणि माझ्या उघड्या तोंडात कोंबला.

"घे. सगळ्या घरात येवढं एकच भोक लिंपायचं राहिलं व्हतं."