जागीरदारांची हिरवी गाडी

शाहगंजच्या जागीरदारसाहेबांनी मला फसवलं. गाडी त्यांची होती, पैसे माझे होते, आणि आज गाडी माझ्याकडे असूनही फसलेला माणूस मीच आहे. सबंध औरंगाबाद सुभ्यात इतका सज्जन दिसणारा आणि इतका बेमालूम लबाड माणूस दुसरा झाला नसेल. लोक त्यांना फरिश्ता म्हणत. मी बैलांच्या व्यापारातून वर आलेला माणूस आहे. शिंग तासून, दात घासून म्हातारा बैल तरणा म्हणून विकणारे मी पाहिलेत, आणि तसा बैल माझ्या गळ्यात बांधणं आजवर कुणाला जमलं नाही. म्हणून तर हे जास्त लागतं.

गाडीचं आणि माझं वैर जुनं. मी अजून पायी फिरत होतो तेव्हाची गोष्ट. छावणीच्या बाजाराला एक उमदी जोडी घेऊन गुलमंडीतून चाललो होतो. मागून भोंगा वाजला, तोही असा की रेड्यानं रेकावं. बैल उधळले, मी गटारात, आणि माझ्या अंगावरून वाऱ्यासारखी एक हिरवी, लांबुडक्या नाकाची, बिनछपराची, दोनच माणसांची विलायती मोटार गेली. आत बसलेल्या माणसानं मान वळवून मला झुकून सलाम केला. शिवी दिली असती तर मी विसरलो असतो. सलाम विसरता आला नाही. त्याच गटारात उभा राहून मी ठरवलं की ही गाडी एक दिवस माझ्या दारात बांधायची, आणि ह्याच रस्त्यानं भोंगा वाजवत न्यायची. गावानं म्हटलं पाहिजे, ती बघा शेठची गाडी.

पुढं माझं बरं झालं, सरकीची गिरणी निघाली. जागीरदारसाहेबांचं मात्र उतरत गेलं. हवेलीतली माणसं कमी झाली, घोडे गेले, शेवटी गाडी विकायची आहे असं कानावर आलं, आणि मी गेलो.

ह्या माणसाच्या सवयी आधी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर माझ्यावर झालेला अन्याय तुम्हाला कळणार नाही. पहिली म्हणजे ते कुणालाच नाही म्हणत नसत. काहीही सांगा, मान डोलावून "बजा है" म्हणत. फळवाल्यानं सांगितलं की आंबट संत्री तब्येतीला चांगली, "बजा है," टोपलीभर घेतली. दुसऱ्यानं सांगितलं की आंबट संत्र्यांनी घसा बसतो, "बजा है," टोपली त्यालाच दिली. दुसरी सवय त्याहून संशयास्पद. गाडीत ते जोडे घालून कधी बसले नाहीत. "जी आपल्याला उचलून नेते, तिच्या अंगावर जोडे ठेवायचे? तौबा!" असं म्हणून जोडे खाली काढायचे, अदबीनं आत बसायचे, आणि गाडी चालू झाली की जोडे तिथंच राहायचे. शाहगंजपासून खुलताबादपर्यंत त्यांचे जोडे पडलेले असत. दर्ग्याशी एक, किल्ल्याच्या पायथ्याशी एक, कचेरीसमोर दोन. लोक ते ओळखत आणि जपून ठेवत. त्यामुळं त्यांना कुठंही पुन्हा जायला निमित्त मिळे. माझं मत असं की ते जोडे मुद्दाम विसरत. मला हे कुणी सांगितलेलं नाही, पण माणसं मला कळतात.

गाडी बघायला गेलो तेव्हा त्यांनी आधी जेवायला नानखलिया मागवला. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, आणि सौद्याच्या दिवशी ते परवडत नाही. मग मी गाडी बघितली, जशी बघायची असते तशी. चारी बाजूंनी फिरलो, चाकाच्या तारा वाजवून पाहिल्या, खाली वाकून पोट पाहिलं, पुढचं झाकण उघडून वास घेतला. भोंगा दाबला. रेडा तोच होता.

"ही रात्री खोकते का?" मी विचारलं.

"कभी कभी. थंडीत," साहेब म्हणाले.

विकणारा माणूस खोड स्वतःहून कबूल करतो, म्हणजे मोठी खोड लपवतो. मी आणखी सावध झालो. तासभर शोधलं. काही सापडलं नाही, आणि तेच मला सगळ्यांत वाईट लक्षण वाटलं.

मग आम्ही भावाला बसलो. आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. उपरण्याखाली दोघांचे हात जातात आणि बोटं धरून आकडा सांगितला जातो, म्हणजे भोवतालच्या बघ्यांना काही कळत नाही. मी म्हटलं, "सरकार, सौदा आमच्या पद्धतीनं. आकडा शेकड्यात."

"बजा है," साहेब म्हणाले.

मी उपरणं पसरलं, हात घातला आणि त्यांची दोन बोटं धरली. त्यांनी माझा सगळा पंजा धरला. म्हणजे पाच! मी मनात म्हटलं, म्हातारा चांगलाच मुरलेला आहे. मी तीन बोटं धरली. त्यांनी पुन्हा पंजा, आधीपेक्षा घट्ट. मी हात हिसकून घेतला, पगडी नीट केली, दारापर्यंत गेलो. एवढं केलं की भलेभले हाक मारतात. हाक आली नाही. वळून पाहिलं तर ते तसेच बसलेले, हात उपरण्याखाली, आणि डोळे ओले. ह्या रडण्याला मी भुलणारा नव्हतो. बैल विकताना माणसं रडतात आणि रडता रडता भाव चढवतात. परत येऊन मी चार बोटं धरली. पंजा! पाठीतून घाम निघाला. शेवटी सौदा पाचावर ठरला. उभ्या आयुष्यात मी कुणाचा पहिला भाव मान्य केला नव्हता.

उठताना साहेब म्हणाले, "सेठ, एक अर्ज आहे. दर जुम्मेरातला खुलताबादला दर्ग्यात जाऊन येतो मी. गाडीत तेवढी जागा द्याल?"

पाच घेतलेल्या माणसाला हे विचारताना लाज वाटायला हवी होती. पण गाडी चालवायची कशी हे मला ठाऊक नव्हतं, आणि शिकवणारं दुसरं कोण होतं? हो म्हटलं.

घरी बायकोनं गाडीभोवती फेरी मारली. "आवो, बसायला दोनच जागा? मग म्या कुठं बसू?"

"मागं डिकीवर बस."

"म्या नाय बसायची. त्या म्हाताऱ्यासंगट फिरा तुम्हीच. शोभून दिसाल."

ती चिडून बोलली, पण झालं तसंच. दर जुम्मेरातला, म्हणजे गुरुवारी, सकाळी साहेब येत, माझ्या उंबऱ्याशी जोडे काढत, सलाम करून गाडीत बसत. मी हँडल मारायचं, घाम गाळायचा. गाडी हूं की चूं करायची नाही. मग साहेब पुढच्या पत्र्यावर हात ठेवून म्हणायचे, "चल बेटा, सेठ थकले," आणि ती सुरू व्हायची. ते काहीतरी कळ गुपचूप दाबतात ह्या संशयानं मी त्यांच्या दोन्ही हातांवर नजर ठेवायचो. कळ आजवर सापडलेली नाही.

गुलमंडीतून मी पहिल्यांदा स्वतः गाडी नेली तो दिवस ऐका. छाती काढून बसलो, भोंगा दाबला. माणसं दुकानांतून बाहेर आली. सगळ्यांनी सलाम केले, पण शेजारी बसलेल्या साहेबांना. कुणीतरी ओरडलं, "जागीरदारसाहेबांनी नवा शोफर ठेवला वाटतं!" साहेब म्हणाले, "नाही मियाँ, हे मालक आहेत." सगळे हसले. साहेब मोठे विनोदी, असं म्हणून हसले.

आणि मग दौलताबादचा घाट. चढावर गाडीचं पाणी उकळलं, तशी ती सावलीला उभी केली. साहेब अनवाणी जाऊन एका शेतातून मडकं भरून घेऊन आले; जोडे अर्थात माझ्या उंबऱ्याशी होते. गाडी निवायची वाट बघत बसलो असताना मी मनातलं काढलं.

"सरकार, खरं सांगा. बोटांचा सौदा तुम्ही कुठं शिकला? पाचावरून तुम्ही हलला नाही."

"कसला पाच?"

"पंजा धरला नव्हता तुम्ही?"

"हौ, धरला. तुम्ही हात पुढं केला. मी म्हटलं, माझी गाडी जातेय म्हणून सेठ दिलासा देतायत. तुम्ही सोडला, फिरून दिला. मी म्हटलं, काय दिलाचा माणूस आहे!"

मी म्हटलं, "आणि मी तोंडानं दोन म्हटलं असतं तर?"

"तर दोन," साहेब म्हणाले. "बजा है."

मी मडकं दगडावर आपटलं. त्यातलंच पाणी गाडीला घालायचं होतं, हे नंतर लक्षात आलं. साहेब दुसरं मडकं मागायला पुन्हा अनवाणी निघाले. ऊन होतं. मी ओरडलो, "सरकार, माझे जोडे घाला!" त्यांनी घातले. मोठे होत होते. ते जोडे फटफटवत ती वाट उतरत होते आणि मी विचार करत होतो की हा माणूस खरं बोलतो, की हीही सौद्यातलीच एक चाल आहे? खरं बोलत असेल तर मी स्वतःच स्वतःशी घासाघीस केली आणि हरलो. म्हणून मला ते खोटं बोलले हेच बरं वाटतं.

जुम्मेराती होत राहिल्या. वेरूळकडून येणारे लोक वाटेत थांबून पाणी देत, आणि साहेब दोघांच्या वतीनं आभार मानत. मग हवेली अगदीच रिकामी झाली आणि मुलीकडं हैदराबादला कायमचं जायचं ठरलं. स्टेशनवर मी त्यांना गाडीतून नेलं. फलाटावर गर्दी होती. आगगाडी लागली तेव्हा मी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोघांच्या हातांवर टाकलं, आणि त्यांची दोनच बोटं धरली. आता पाहूच म्हटलं.

त्यांनी पंजा धरला. घट्ट, पहिल्यासारखा. डोळे ओले.

शिट्टी झाली. साहेब वळले, डब्याच्या पायरीला सलाम केला आणि आत चढले. आगगाडी हलल्यावर मी खाली पाहिलं. फलाटावर त्यांचे जोडे होते, टाचेला टाच लावून ठेवलेले. मी ते उचलून डब्याबरोबर पळालो, माझ्या वयाला न शोभेल असं पळालो. खिडकीतून त्यांनी मला झुकून सलाम केला, गुलमंडीत केला होता तसाच.

आता गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी असते. गुलमंडीत भोंगा वाजवला की माणसं बाहेर येतात आणि विचारतात, "साहेब कुठायत?" परवा हँडल मारून हात दुखले, तेव्हा इकडंतिकडं बघून मी पत्र्यावर हात ठेवला आणि जे म्हणायचं ते म्हटलं. सुरू झाली. म्हणजे कळ नव्हतीच.

तर मला एवढंच सांगा. फलाटावरच्या त्या पंजाचा भाव काय होता? जिथं फिरून यायचं तिथंच हा माणूस जोडे सोडतो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो, ते खरं की खोटं? ह्याचा जाब मला हवा आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून चालणार नाही, सांगावा धाडून चालणार नाही. त्यांनी स्वतः यावं आणि द्यावा. कुठल्याही जुम्मेरातला यावं. जोडे उंबऱ्याशी पुसून ठेवलेले आहेत.