धुराखालची ओल

हे कुणालाच माहीत नाही. म्हणजे — बायकोला यातलं निम्मं माहीत आहे, आणि ते निम्मं खोटं आहे. सगळं ठाऊक असलेलं जगात एकच माणूस आहे आणि ते तोंड उघडणार नाही. उघडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं. पण त्या माणसाने का उघडावं? ते काम माझं होतं.

मी चाखणारा आहे. हसू नका, असा हुद्दा असतो. महापेच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये आमची ब्रुअरी आहे. बिअर बनवणारे वेगळे. बनलेला माल बाहेर जाण्यालायक आहे की नाही, ते ठरवणारा मी. नेहमीच्या बिअरचं फारसं काही नसतं, यंत्रं सांगतात. खरी परीक्षा पिंपांच्या खोलीत. तिथे परदेशातून आणलेली जुनी लाकडी पिंपं आडवी रचलेली असतात. त्यांत आधी कित्येक वर्षं धुरकट व्हिस्की मुरलेली असते. आम्ही त्यांत एल भरतो. एल म्हणजे बिअरच, पण जाड, गडद, चढायला कडक. आठ-दहा महिन्यांत लाकडातला धूर तिच्यात उतरतो. पण लाकूड ते लाकूड, आणि आपली खाडीकाठची हवा ही अशी. एकाच दिवशी भरलेली चोवीस पिंपं चोवीस तऱ्हेची निघतात. एखाद्याला आतून ओल धरते, कुबट होतं. तसलं एक जरी टाकीत मिसळलं तरी सगळा माल गेला. म्हणून प्रत्येक पिंप उघडायचं, काचेच्या लांब नळीने घोटभर काढायचं, आधी नाक, मग जीभ — आणि खडूने पिंपावर खूण करायची. बरोबर किंवा फुली. ती खूण मी करायचो. मालकसुद्धा ती पुसत नसत.

साथीच्या वर्षी मला ताप आला. सगळ्यांनाच आला होता. वास गेला. सगळ्यांचाच गेला होता. त्यांचा परत आला.

घरी मी सांगितलं, आला माझाही. का सांगितलं? सुनीता रोज विचारायची म्हणून, की उत्तर ऐकायची मलाच भीती होती म्हणून — आता आठवत नाही. एकदा गॅसवर दूध करपून भांड्याचा कोळसा झाला आणि मी चार हातांवर पेपर वाचत बसलेला. ती आतून धावत आली, “नाक काय फ्रीजवर काढून ठेवलंय?” म्हणाली. माझं लक्ष नव्हतं, असं म्हणून मी हसलो. हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

कामावर मी एक युक्ती काढली. जिभेला आंबट, गोड, कडू एवढं कळत होतं. बाकीचं ज्युनियर लोकांना विचारायचं — पण मास्तर विचारतो तसं. “सांग, तुला काय येतंय?” त्यांना वाटायचं सर परीक्षा घेतायत. साध्या मालाला ते चालून गेलं. पिंपांच्या खोलीत चालेना. तिथे ज्युनियर वाचलेलं बोलायचे — व्हॅनिला, चामडं, मनुका. पुस्तकातल्या वासांवर खूण कशी करणार? दोन महिने मी पिंपं उघडत होतो, नळी नाकाशी धरत होतो, डोळे मिटत होतो. पाणी हुंगावं तसं. नुसतं गार.

अशाच एका दिवशी मथुरामावशी लादी पुसत होत्या. कंत्राटदाराकडून सफाईला यायच्या, इथल्याच दिवाळे गावच्या कोळीण. अर्धं आयुष्य सुकी मासळी विकण्यात गेलेलं. नवरा गेला, होडी गेली, मग हे काम. फडकं पिळता पिळता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सायेब, त्या कोपऱ्यातल्या पिंपाला ओल लागली हाय.”

“कशावरून?”

“वास येतो ना. पावसात पाटीतल्या खालच्या बोंबलांना येतो तसा.”

मी नमुना लॅबला पाठवला. चार दिवसांनी रिपोर्ट आला. बुरशी.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना मुद्दाम बोलावलं. मग परत. तिसऱ्या वेळी त्यांनी नळी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाल्या, “तुमाला वास येत नाय ना सायेब.” चप्पल तुटली ना, असं विचारावं तितक्या सहज. मी मान हलवली. घरी, डॉक्टरकडे, कुठेच न हलवलेली मान. कुणाला बोलू नका म्हणालो. त्या म्हणाल्या, “मना कोन इचारतंय?”

सकाळी अकराला सगळे चहाला कॅन्टीनमध्ये जात. ती वेळ आमची. मी पिंपांच्या रांगेमागून नमुने काढून द्यायचो, त्या ग्लास नाकाशी नेऊन पटकन बाजूला करायच्या — मासळी बघताना करतात तसं, एका हिसक्यात. “हा बरा. हा पन बरा. हा नको.” त्या पुढे गेल्यावर मी खडूने खूण करायचो. कॅन्टीनमध्ये म्हणे विनोद चालायचा, सर ध्यानाला बसलेत, हाका मारू नका, एल नासेल. एकदा मी विचारलं, हा धूर कसला वाटतो? त्यांनी ग्लास परत नाकाशी नेला. पावसाळ्यात चुलीवर टांगलेल्या सुकटीला बसतो तो धूर, म्हणाल्या, आणि वर कुणाचा गूळ करपलाय. मी ते कागदावर उतरवून मालकांना दिलं. चुलीचा धूर, खारा वारा, करपलेला गूळ. मालक खूश. “सर, कविता केलीत तुम्ही.” सुचलं, म्हणालो. ते शब्द बाटलीवर छापले गेले. आजही आहेत.

इथवरचं सगळं माफ करता येईल, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं.

पण धुराची एक खोड असते. त्याच्याखाली ओल लपते. नाकाला नुसता धूरच लागतो. घोट तोंडात धरला, गरम झाला, की मग ओल वर येते. म्हणजे चाखायला हवं. मी मथुरामावशींना तसं म्हणालो. त्या एकदम मागे सरल्या. “मी थेंब नाय घेत. माजा नवरा यानंच गेला.”

ते मला ठाऊक होतं. त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. त्याहून जास्तही ठाऊक होतं — थोरला मुलगा प्रकाश बापाच्याच वाटेला लागला होता आणि दोन वर्षांपूर्वी सुटला होता. औषधाने नाही, बाबा-बुवाने नाही. आईने त्याला समोर बसवून एवढंच सांगितलं होतं, “तुज्या बापाच्या घरात चाळीस वर्सं काढली, या तोंडाला कदी वास आला नाय. माज्या तोंडाकडं बगून सोड.” आणि त्याने सोडली. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, “पिऊ नका. नुसतं तोंडात धरा आणि थुंका. औषधाची गुळणी करतो तसं.”

त्यांनी फडकं पिळून बादलीच्या काठावर टाकलं. मग ग्लास घेतला. त्यांनी का घेतला, यावर मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, त्यांना माझी कीव आली.

फरशी पुसायच्या बादलीत थुंकायच्या. मग तीनदा चूळ, मग पदराच्या गाठीतली बडीशेप. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एकही पिंप चुकलं नाही. मालकांनी माझ्या कौतुकाचं चार लोकांत भाषण केलं.

मग तो दिवस. वर्षाचा मोठा माल टाकीत मिसळायचा होता. सोळा पिंपं झाली होती, सतरावं चाललं होतं. मी रांगेच्या मागे, हातात नळी. त्या पुढे, ग्लास हातात, घोट तोंडात. दार उघडलं. आमचे मॅनेजर सावंत, आणि त्यांच्यामागे हॉटेलवाले दोन पाहुणे, शेड बघायला आलेले.

बादली दोन पावलांवर होती. पण पाहुण्यांसमोर, साहेबांसमोर थुंकायचं कसं? मी पिंपांच्या फटीतून बघत होतो. त्यांनी बादलीकडे पाहिलं. मग माणसांकडे. आणि — मला त्यांचा गळा हललेला दिसला.

गिळलं त्यांनी. आयुष्यातला पहिला घोट. लाजेने.

“मावशी, पिताय तुम्ही?” सावंत म्हणाले.

“नाय सायेब.” आणि तोंडातून भपकारा आला असणार, सावंतांनी नाक मुरडलं. पाहुण्यांतला एक हसला. “माल चांगला असणार, सावंत. स्टाफसुद्धा थांबत नाही.”

मी पिंपांमागून बाहेर आलो. नळी हातातच होती. ती नळी बघूनही कुणाला काही कळू नये? पण माझ्याकडे तसं कोण बघणार — मी तर चाखणारा. सावंत म्हणाले, “सर, तुम्ही इथेच होतात? हे बघितलंत का?”

आता सांगतो. यासाठीच एवढा वेळ गोल गोल फिरतोय.

मी म्हणालो, “माझं लक्ष नव्हतं.”

तीन शब्द. दुधाच्या वेळी वापरलेले, हाताशी तयार असलेले. मथुरामावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण हाक मारतो आणि समोरचा ओळख दाखवत नाही, तेव्हा आपणच बावरतो ना, तसं.

ऑफिसात सावंतांनी त्यांना विचारलं, ग्लास कुणी दिला. मी खुर्चीत होतो. त्या उभ्या. त्या थांबल्या — माझ्यासाठी थांबल्या. एवढी जागा त्यांनी मला दिली की त्यात माणूस एक वाक्य सहज बोलेल. टेबलावर पेपरवेट होतं, ते मी फिरवत बसलो. मग त्यांनीच सांगितलं, “कोनी नाय. मीच घेतला.”

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. कंत्राटदाराचा सुपरवायझर दिवाळ्याचाच. त्या घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मथुरा कामावर पिते. नवरा पिऊन मेला, आता ही. पुढचं मला त्याच सुपरवायझरकडून कळलं, तो हसत हसत सांगत होता. प्रकाशने आईच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला म्हणे, सगळ्यांदेखत. आणि म्हणाला, “आता कोनाच्या तोंडाकडं बगू?”

त्याच आठवड्यात त्याने परत सुरू केली.

तुम्ही विचाराल, खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी हिशेब केलाय. फार काही नाही. मला टेबलावरचं काम दिलं असतं, स्टोअर किंवा कागदपत्रं. चार जण हसले असते. ऐरोलीचा फ्लॅट राहिला असता, मुलीचं कॉलेज राहिलं असतं. उपाशी कुणी मेलं नसतं. एवढ्यासाठी. आणि पुढच्या दिवशी सांगितलं असतं तर? पुढच्या महिन्यात? दर दिवशी ते सांगणं थोडं जड होत गेलं, आणि मी दर दिवशी थोडा हलका माणूस होत गेलो.

सतराव्या पिंपाचं राहिलंच. त्याचं काय, ते मावशी बोलल्याच नाहीत. घोटाबरोबर ते उत्तरही गेलं. मी खडू घेतला आणि बरोबरची खूण केली. उरलेल्या सात पिंपांवरही. अंदाजाने. माल मिसळला, बाटल्या भरल्या, गेल्या. लोकांनी प्यायली, वाहवा केली. तक्रार एकही नाही. म्हणजे एकतर सगळी पिंपं चांगली होती, नाहीतर कुणालाच काही कळत नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच वाईट आहेत. मी अजून त्याच हुद्द्यावर आहे.

मागच्या महिन्यात मी दिवाळ्याला गेलो. तीन वर्षांनी. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो — त्यांना नाही, त्यांच्या मुलाला, चार लोकांसमोर. जेट्टीजवळ मासळीवाल्या बसतात, त्यांत मथुरामावशी दिसल्या. समोर बोंबील, जवळा, सोडे. थोड्या वाळल्यासारख्या झाल्या होत्या. पलीकडे भिंतीला टेकून एक माणूस दुपारी साडेबाराला झोपला होता, तोंड उघडं, माश्या. “ह्यो प्रकाश,” त्या म्हणाल्या. ओळख करून द्यावी तसं.

आणि शेजारणीला म्हणाल्या, “हे आमच्या कंपनीतलं सायेब. लई मोठं. सगला माल यांच्या नाकावर जातो.”

शेजारीण मला बघून आदराने सरकून बसली. मी काय बोलणार होतो ते — होतं तोंडात. घोटासारखं धरून उभा होतो.

मावशींनी न विचारता जवळ्याचा ढीग बाजूला सारला, मागच्या पाटीतून मूठ काढली, नाकाशी नेली, एका हिसक्यात बाजूला केली. ती मूठ परत टाकली. दुसरी काढली. “हा घ्या. याला ओल नाय.” कागदात बांधताना माझ्याकडे वाकल्या आणि आवाज एकदम खाली आणला, शेजारणीला ऐकू जाऊ नये इतका.

“नाक आलं का परत, सायेब?”

तीन वर्षं त्यांनी ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पोटच्या मुलालासुद्धा नाही. तेवढ्या एका वाक्याने त्याची वाट कदाचित बदलली असती, तरी नाही. आणि आजही त्या कुजबुजत होत्या — माझी अब्रू जाऊ नये म्हणून.

“आलं,” मी म्हणालो.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. मनापासून.

पुडकं घेऊन मी घरी आलो. सुनीताने जवळा परतला. काय वास सुटलाय बघ, म्हणाली. मी हो म्हणालो.

आलेलं नाही.